शर्ट घेताना रंग सगळ्यात शेवटी

शर्टांच्या रांगेपुढे उभं राहिलं की हात आधी रंगाकडे जातो. मग चौकडी, मग रेघा, मग किमतीचं लेबल. अंगात घालून बघितलाच, तर पोट दिसतंय का एवढी खात्री करून आपण ट्रायल रूममधून बाहेर येतो. खांदा कुठे उतरलाय हे बघायचं राहूनच जातं. सहा महिन्यांनी तो शर्ट कपाटाच्या तळाशी गेलेला असतो. कोणी विचारलंच तर आपण म्हणतो, "बसत नाही नीट." काय बसत नाही, ते सांगता येत नाही.

मी एक साधा क्रम पाळतो: घेतल्यानंतर जे बदलता येत नाही, ते आधी बघायचं. खांदा आणि कॉलर नंतर दुरुस्त होत नाहीत. होतात म्हणा, पण शर्ट अर्धा उसवून पुन्हा शिवावा लागतो. कापड तर बदलताच येत नाही. घेर मात्र कमी करता येतो, बाही आखूड करता येते, बटणं घरीच बदलता येतात. खालच्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत. रंगाची पाळी सगळ्यात शेवटी.

पायरी १: आधी टेप, मग दुकान

कपाटातला तुम्हाला सगळ्यात बरा बसणारा शर्ट बाहेर काढा. निदान चार-पाच वेळा धुतलेला असावा, म्हणजे आटायचा तेवढा आटून झालेला असेल. बटणं लावून तो टेबलावर सपाट पसरा (गादीवर नको, माप चुकतं) आणि शिंप्याकडे असतो तसा कापडी टेप घ्या.

- खांदा: पाठीकडून, एका बाहीच्या शिवणीपासून दुसऱ्या बाहीच्या शिवणीपर्यंत.
- छाती: काखेच्या इंचभर खाली आडवं माप, त्याची दुप्पट.
- कॉलर: कॉलर उलगडून, बटणाच्या मध्यापासून काजापर्यंत.
- बाही: खांद्याच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत.
- लांबी: मागून, कॉलर जिथे जोडली आहे तिथून खालच्या काठापर्यंत.

ही पाच मापं फोनमध्ये लिहून ठेवा. ऑनलाइन शर्ट घेताना तर याशिवाय दुसरा आधारच नाही. फक्त बाहीच्या बाबतीत सावध राहा. काही कंपन्या बाही खांद्यापासून मोजतात, काही मानेच्या मागच्या मध्यापासून, त्यामुळे एकाच बाहीचे दोन आकडे पडतात आणि दोन्ही बरोबर असतात.

आता लेबलवरचा आकडा. ३८, ३९, ४०, ४२, ४४ असे आकडे दिसले, तर बहुतेक वेळा ते कॉलरचं सेंटिमीटरमधलं माप असतं. १५, १५½, १६ असे असतील, तर तेच माप इंचात. हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. माझी छाती ४२ इंच, म्हणून मी ऐटीत ४२ नंबरचा शर्ट उचलला. घरी येऊन वरचं बटण लावलं, तर गळ्याभोवती कुंडीच्या काठासारखी कॉलर आणि मधून माझी मान उगवलेली. काही कंपन्या मात्र खरोखरच छातीचा आकडा लिहितात, म्हणून आकडा कशाचा आहे हे प्रत्येक वेळी विचारून घ्या. स्मॉल, मीडियम, लार्जबद्दल तर काय बोलावं! एका कंपनीचा मीडियम दुसरीकडे लार्ज असतो. तिथे टेपच खरा.

पायरी २: अंगात घालून बघा, आणि हलून बघा

ट्रायल रूममध्ये आपण छाती पुढे काढून, पोट आत घेऊन पुतळ्यासारखे उभे राहतो. दिवसभर कोणी तसं राहत नाही. तेव्हा श्वास सोडा आणि या क्रमाने बघत चला.

सर्वात आधी खांदा. हात बाजूने थोडा वर उचला. खांद्याच्या टोकाशी एक लहानसा खळगा पडतो, तिथे हाड संपतं. हात खाली सोडल्यावर बाहीची शिवण बरोबर त्या जागी यायला हवी. ती दंडावर ओघळली असेल, तर शर्ट मोठा आहे. मानेकडे चढली असेल, तर लहान. इथे "चालेल" म्हणायचं नाही, कारण बाकी सगळा शर्ट खांद्यावरून लोंबतो. खांदा चुकला की पुढच्या सगळ्या चुका त्यातून निघतात. मुद्दाम उतरत्या खांद्याचे शिवलेले ढगळ शर्ट असतात, तेवढा अपवाद.

मग कॉलर. टाय बांधत नसलात, तरी वरचं बटण लावून बघा. कॉलर आणि मानेच्या मध्ये एक बोट सहज आणि दोन बोटं जेमतेम मावली पाहिजेत. आवंढा गिळताना काच जाणवला, तर पुढचा नंबर घ्या. सुती कॉलर पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडीफार आटते, हेही त्यात धरा.

आता मुंढा. काखेपाशी बाही जिथे अंगाला जोडलेली असते, त्या गोलाईला शिंपी मुंढा म्हणतात. नव्याने शर्ट घेणारे याच्याकडे बघतच नाहीत. खोल मुंढा घालताना आरामाचा वाटतो, पण हात वर केला की बाही तिच्याबरोबर अख्खा शर्ट वर ओढते. पँटमध्ये खोचलेला शर्ट दर अर्ध्या तासाने बाहेर येतो तो बहुतेक यामुळेच, लांबी कमी पडल्यामुळे दर वेळी नव्हे. मुंढा काखेच्या जवळ असला, तर हात वेगळा हलतो आणि शर्ट जागेवर राहतो. दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघा. खालचा काठ थोडा वर जाणारच, पण तो पोटापर्यंत चढला तर मुंढा खोल आहे. काखेत रुततंय असं वाटलं, तर मात्र जास्तच वर आहे.

मग छाती आणि पोट. उभे असताना बटणांपाशी फुलीसारख्या चुण्या दिसल्या, तर शर्ट तंग आहे. दिसल्या नाहीत, तर खुर्चीवर बसा आणि पुन्हा बघा. बसल्यावर दोन बटणांच्या मधली फट उघडून आतला बनियन दिसत असेल, तर तो शर्ट फक्त उभं राहण्यासाठी आहे.

लेबलवर स्लिम, रेग्युलर, रिलॅक्स्ड असं लिहिलेलं असतं, पण त्या शब्दांचं ठरलेलं माप नाही. स्वतःचा हिशेब ठेवलेला बरा. अंगाच्या छातीच्या मापापेक्षा शर्टाची छाती साधारण तीन-चार इंच जास्त असेल तर स्लिम, पाच-सहा इंच जास्त असेल तर रेग्युलर, आणि त्याच्या पुढे ढगळ. बारीक माणसाने ढगळ शर्ट घालून अंग भरलेलं दाखवायचं, आणि जाड माणसाने अंग लपवायला आणखी ढगळ घालायचा, हे दोन्ही उपाय उलटे पडतात. बारीक माणूस त्यात हँगरसारखा दिसतो आणि जाड माणूस तंबूसारखा. स्वतःच्या अंगाला जवळ, पण कुठेही न ओढणारा शर्ट दोघांनाही बरा दिसतो.

पाठीसाठी आरसा पुरत नाही, फोटो काढायला सांगा. योक म्हणजे खांद्यावरून पाठीवर येणारी आडवी पट्टी. तिच्या खाली मधोमध किंवा दोन्ही बाजूंना प्लीट, म्हणजे कापडाची सैल घडी असेल, तर पाठीला हालचालीला जागा मिळते. रुंद पाठीच्या माणसाने तीच घ्यावी. कंबरेशी उभे टक्स, म्हणजे कापड चिमटीत धरून मारलेल्या शिवणी, घातलेले असतील, तर शर्ट अंगाला बसतो, पण पोट असेल तर ते टक्स नकोत.

बाहीची लांबी हात सरळ खाली सोडून बघा. कफ मनगटाच्या हाडाखाली, अंगठ्याच्या मुळाशी टेकावा. बटण न काढता कफमधून हात बाहेर निघत असेल, तर कफ सैल आहे, आणि सैल कफ तळहातावर घसरला की बाही उगाचच लांब वाटते. मोठं घड्याळ घालत असाल, तर ते घालूनच जा.

लांबीसाठी आधी ठरवा: खोचणार की बाहेर ठेवणार? खोचायच्या शर्टाचा काठ पुढेमागे लांब आणि बाजूंना कमानीसारखा वर गेलेला असतो. बाहेर ठेवायचा शर्ट आखूड आणि काठाला सरळसर. काठ पँटच्या चेनच्या मध्यावर आला की पुरे. खोचायचा लांब शर्ट बाहेर सोडला की झोपेतून उठून आल्यासारखं दिसतं.

एवढं बघून झालं, की शर्टात नक्की काय खटकतंय ते कळतं. पोटाशी सैल आहे, बाही इंचभर लांब आहे? घ्या खुशाल, शिंपी करून देईल. खांदा, कॉलर किंवा मुंढा खटकतोय? कितीही आवडला असला तरी परत ठेवा.

पायरी ३: कापड हातात घ्या

कापडाचे दोन भाग वेगळे समजून घ्या: धागा कशाचा आहे आणि तो विणलाय कसा. "मला पॉपलिन नको, कॉटन दाखवा" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण पॉपलिन ही वीण आहे आणि कॉटन हा धागा. पॉपलिन कॉटनचं असू शकतं आणि पॉलिएस्टरचंही.

सुती धागा घाम शोषतो, अंगाला मऊ लागतो आणि चुरगळतो. ठरावीक दमट हवेत तो आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. उन्हाळ्यात पॉलिएस्टरचा शर्ट अंगाला का चिकटतो, ते एवढ्यावरून कळावं. कापसाचा तंतू जितका लांब, तितका धागा गुळगुळीत आणि टिकाऊ, कारण तंतूंची टोकं कमी बाहेर येतात. गिझा, पिमा ही नावं अशा लांब तंतूच्या कापसाची आहेत.

चांगल्या शर्टांवर ८०, १००, १२० असे नंबर लिहिलेले असतात. हा सुताचा नंबर. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम सुतात, ८४० यार्डांच्या किती लडी निघतात, तो आकडा. १०० नंबरचं सूत म्हणजे पौंडभर वजनात ८४,००० यार्ड, म्हणजे जवळजवळ ७७ किलोमीटर लांबीचा धागा! नंबर जितका मोठा, तितकं सूत तलम. पण तलम म्हणजे टिकाऊ नव्हे. शंभरापलीकडचं कापड रेशमासारखं लागतं, पण चुरगळतंही लवकर आणि कोपराशी झिजतंही लवकर. रोजच्या शर्टासाठी ८० ते १०० नंबरचं, दोन धागे एकत्र पिळलेलं टू-प्लाय कापड मला सगळ्यात व्यवहारी वाटतं.

लिनन जवसाच्या देठातल्या तंतूंपासून होतं. उकाड्यात त्याला तोड नाही, आणि ओलं झाल्यावर ते अधिक मजबूत होतं. चुण्या पडतातच. त्या ज्यांना बघवत नाहीत, त्यांनी लिननच्या वाटेला जाऊ नये. दर तासाला आरशात बघून हाताने शर्ट सारखा करण्यात काही मजा नाही. व्हिस्कोस किंवा रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतं. ते सुळसुळीत, झोकदार आणि थंड लागतं, पण ओलं असताना बरंच कमजोर होतं आणि आटतंही. ते पिळू नका. स्ट्रेच शर्टात दोन-तीन टक्के इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा धागा असतो. तेवढा पुरतो. कडक गरम इस्त्रीने तो मरतो आणि शर्टाला पोक येतो.

सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडाला नाकं मुरडणारे असतात. मी नाही मुरडत. सतत प्रवास असेल आणि इस्त्री हाताशी नसेल, तर सुती जास्त आणि पॉलिएस्टर कमी असं मिश्रण उपयोगाचं आहे. ते किती, हे आतल्या शिवणीत लावलेल्या चिठ्ठीवर टक्क्यांत लिहिलेलं असतं. पुठ्ठ्याच्या लेबलवर नव्हे, त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवा. पॉलिएस्टर जास्त असेल, तर कॉलरशी आणि काखेत कालांतराने बारीक गोळे येतात आणि वास धरून राहतो.

'रिंकल फ्री' लिहिलेल्या सुती शर्टाची गोष्ट वेगळी. सुती तंतूंच्या आत रसायनाने आडवे बंध घालून कापडाला आपला आकार "लक्षात" ठेवायला लावतात. या कामाचा पाया घालणाऱ्यांत रूथ बेनेरिटो या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाचं नाव घेतलं जातं. सोय मोठी, पण या प्रक्रियेने सुताची ताकद कमी होते. असे शर्ट कॉलरच्या आणि कफच्या कडेला आधी फाटतात. शिवाय या प्रक्रियेत फॉर्मल्डिहाइडचा अंश वापरला जातो, म्हणून कातडी नाजूक असेल तर घालण्यापूर्वी एकदा धुवाच.

आता वीण. चारच लक्षात ठेवल्या तरी सुरुवातीला भागतं.

पॉपलिन: साधी एकाआड एक वीण, गुळगुळीत, पातळ, कुरकुरीत. ऑफिस आणि सुटाखाली. पांढरं पॉपलिन स्वस्तातलं असेल, तर आतलं दिसतं.

ट्विल: जवळून बघितलं की तिरप्या रेघा दिसतात. पॉपलिनपेक्षा मऊ, जरा भरीव, थोडी चकाकी, चुण्या कमी. पहिला चांगला शर्ट घेणाऱ्याला मी हाच सांगतो.

ऑक्सफर्ड: दोन-दोन धागे जोडीने विणलेले, टोपलीच्या विणीसारखे. जाडसर, दमदार, धुऊन धुऊन छान होत जाणारा. जीन्सवरही चालतो. काळ्या सुटाखाली नको.

फ्लॅनेल: विणून झाल्यावर वरचे तंतू खरवडून लवदार केलेलं कापड. थंडीसाठी.

यांच्याशिवाय सीअरसकरचं नाव घ्यावंसं वाटतं. त्यात एक पट्टा सपाट आणि एक पट्टा मुद्दाम चुणीदार असतो, त्यामुळे कापड अंगाला पूर्ण चिकटत नाही आणि मधून हवा खेळते. नाव फारसीतलं, 'शीर-ओ-शकर', म्हणजे दूध आणि साखर: एक पट्टा दुधासारखा गुळगुळीत, एक साखरेसारखा खरबरीत. याला इस्त्री लागतच नाही. उकाड्यात राहणाऱ्यांनी एक तरी घ्यावा.

दुकानात करायच्या चाचण्या सोप्या आहेत. कापड उजेडासमोर धरा. वीण सगळीकडे सारखी दिसते का, की कुठे विरळ, कुठे दाट? शर्टाचा खालचा कोपरा मुठीत दहा सेकंद दाबून सोडा. जितक्या चुण्या उरतील, तितक्या दुपारपर्यंत अंगावर दिसतील. मग अंगठ्याने कापड घासा. बोटाला पीठ लागल्यासारखं वाटलं, तर ते खळीचं कापड आहे. पहिल्या धुण्यात खळ जाईल आणि खाली काय उरेल, त्याचा नेम नाही.

पायरी ४: कॉलर आणि कफ

चेहऱ्याच्या आकारावरून कॉलर निवडायचे लांबलचक नियम सापडतात. गोल चेहऱ्याला टोकदार, लांब चेहऱ्याला पसरट वगैरे. त्यात थोडं तथ्य आहे, पण माझ्या मते खरा प्रश्न वेगळा: कॉलर कशाबरोबर घालणार? टाय आणि कोट असेल, तर मध्यम पसरट म्हणजे सेमी-स्प्रेड कॉलर घ्या. तिची टोकं कोटाच्या कॉलरखाली जातात आणि टायची गाठ मधे नीट मावते. टाय नसेल, तर बटण-डाऊन. तिची टोकं छातीवर बारीक बटणांनी बांधलेली असतात, त्यामुळे वरचं बटण उघडं असलं तरी कॉलर लोळत नाही. पसरट कॉलर टायशिवाय घातली, की दुपारपर्यंत दोन्ही कान लोंबलेले. उभी पट्टी कॉलर मोकळ्या-ढाकळ्या वेळेला, आणि बिनपट्टीची सपाट पडणारी कॅम्प कॉलर सुट्टीला.

कॉलरच्या आत बकरम, म्हणजे तिला ताठ ठेवणारं कडक कापड असतं. कॉलर दोन बोटांत धरून वाकवा. कागदासारखी घडी न पडता ती सावकाश पूर्ववत झाली पाहिजे. आतलं बकरम नीट चिकटवलेलं नसेल, तर चार धुण्यांनंतर कॉलरवर फोड आल्यासारखे फुगे दिसतात आणि त्यावर इस्त्रीचा उपाय चालत नाही. टोकांत घालायच्या पट्ट्या निघणाऱ्या असतील तर उत्तम, फक्त धुण्याआधी काढा.

कफबद्दल फार डोकं लावू नका. एका बटणाचा साधा कफ सगळीकडे चालतो. दुमडून कफलिंकचा कफ मोजक्या प्रसंगांना. खिसा एकच असावा किंवा नसावा.

पायरी ५: शर्ट उलटा करा

आतून दिसतं ते खरं. बाजूच्या शिवणीत टाके मोजा. इंचाला १८ ते २० असतील, तर काम चांगलं. १० ते १२ असतील, तर घाईचं. कापडाची कच्ची कड आत दुमडून शिवलेली आहे की नुसती गोफून सोडलीय, ते बघा. चौकडीचा किंवा रेघांचा शर्ट असेल, तर खिशावरची रेघ खालच्या रेघेशी जुळते का? बटणपट्टीवर दोन्ही बाजूंची चौकडी एका पातळीत येते का? ती जुळवायची, तर कापड जास्त लागतं, म्हणून ज्याने ती जुळवली, त्याने बाकीही बरं केलं असणार असं मी धरून चालतो. काजांचे टाके दाट हवेत, धागे लोंबता कामा नयेत. बटण शिंपल्याचं असेल, तर ओठाला थंड लागतं, प्लास्टिकचं लागत नाही.

पायरी ६: आता रंग

पहिल्या तीन शर्टांत एक पांढरा आणि एक फिकट निळा घ्या, आणि तिसऱ्यात हवी ती हौस करा. फिकट निळा जवळजवळ प्रत्येक पँटवर जातो. नक्षी जितकी मोठी, तितका शर्ट सुट्टीकडे झुकतो. राखाडी आणि मध्यम निळ्या रंगांवर घामाचे डाग फार उठून दिसतात, हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवतो.

घरी आणल्यावर

लगेच लेबलं कापू नका. घरातल्या पँटवर, घरातल्या उजेडात एकदा घालून बघा. बदलायचा झालाच तर तेव्हाच बदलता येतो. मग गार पाण्यात, उलटा करून, बटणं उघडी ठेवून धुवा. गडद रंगाचा असेल तर एकटाच. ड्रायरमध्ये घालू नका, हँगरवर सावलीत वाळवा. इस्त्री थोडा ओलसर असताना करा: आधी कॉलर, टोकांकडून मध्याकडे, मग कफ, बाह्या, आणि शेवटी अंग.

कापड विणून झाल्यावर आधीच आटवून घेण्याची रीत सॅनफोर्ड क्लुएट या अमेरिकी संशोधकाच्या नावाने 'सॅनफोरायझिंग' म्हणून ओळखली जाते, १९३० च्या सुमारापासून. तरीही सगळीच कापडं तशी आटवलेली नसतात. म्हणून तिसऱ्या धुण्यानंतर त्याच टेबलावर, त्याच टेपने पाचही मापं पुन्हा घ्या आणि फोनमधल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा. बाही किंवा घेर शिंप्याकडे द्यायचा असेल, तर तो आता द्या. आटायच्या आधी आखूड केलेली बाही नंतर लांब होत नाही.